वसई-विरारमधील पर्यटन आणि हवामान बदल

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसराचे पर्यटन समुद्रकिनारे, सागरी किल्ले, पावसाळी धबधबे, तीर्थस्थाने आणि केळी-फुलांच्या वाड्यांचा हिरवा पट्टा यांवर उभे आहे. समुद्रपातळीतील वाढ, अरबी समुद्रातील तीव्र चक्रीवादळे, अल्पावधीत होणारी अतिवृष्टी, अवकाळी पाऊस आणि वाढता उष्मा यांचा परिणाम या प्रत्येक घटकावर होतो. वाळूचे किनारे, कांदळवने, मिठागरे आणि बावखले पर्यटकांना आकर्षित करतात. तीच स्थानिक वस्तीला भरतीपासून, पुरापासून व पाणीटंचाईपासून संरक्षणही देतात. त्यामुळे येथे पर्यटनाचे हवामान बदलाशी अनुकूलन आणि रहिवाशांची सुरक्षितता हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

पार्श्वभूमी

वसई-विरारच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील सखल भूमीत शेती, खाजणे, मिठागरे व वाढते शहर एकमेकांना लागून आहेत. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि लगतची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला व वसई तालुका त्यात समाविष्ट झाला.

येथील पर्यटन प्रामुख्याने एकदिवसीय किंवा आठवडाअखेरचे आहे. मुंबई व उपनगरांतून पश्चिम रेल्वेच्या लोकलने येणाऱ्या पर्यटकांचे प्रमाण मोठे आहे. प्रमुख आकर्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

- समुद्रकिनारे : अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव आणि सुरूची बाग.
- किल्ले : वसईचा किल्ला आणि वैतरणेच्या मुखाजवळील बेटावर असलेला अर्नाळ्याचा किल्ला.
- वने व धबधबे : तुंगारेश्वर अभयारण्य आणि चिंचोटी परिसर.
- तीर्थस्थाने व पुरातत्त्वीय स्थळे : विरारची जीवदानी देवी, तुंगारेश्वर, निर्मळ, जुनी चर्चे आणि नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप.
- ग्रामीण पर्यटन : केळी, भाजीपाला व फुलांच्या वाड्या, कोळीवाडे आणि मिठागरांतील स्थलांतरित पक्षी.

हवामानातील बदल

समुद्रपातळी : आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ दरम्यान हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर वेगाने वाढल्याचे नोंदवले आहे. काही मिलिमीटरची वार्षिक वाढ किरकोळ वाटली, तरी उधाणाची भरती, जोरदार वारा आणि अतिवृष्टी एकत्र आल्यास पाणी पूर्वीपेक्षा अधिक आत शिरते.

चक्रीवादळे : अरबी समुद्रात बंगालच्या उपसागराच्या तुलनेने कमी चक्रीवादळे होत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, मागील दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा कालावधीही लांबला. समुद्राच्या पृष्ठभागाचे वाढते तापमान हे यामागील प्रमुख कारण मानले जाते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गुजरातेत पोहोचले; त्या वेळी वसई परिसरात झाडे कोसळली व वीजपुरवठा खंडित झाला. वादळे या किनाऱ्याला सर्वस्वी नवीन मात्र नाहीत. मे १६१८ मध्ये आलेल्या वादळाने वसई शहराचे मोठे नुकसान केल्याच्या नोंदी पोर्तुगीज काळातील आहेत.

पर्जन्यमान : १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या प्रवाहातील चढउताराशी या वाढीचा संबंध जोडला आहे. पावसाळ्यातील एकूण पाऊस फारसा न बदलताही तो थोड्या तासांत पडू लागल्यास पूर आणि पाणीटंचाई ही दोन्ही संकटे एकाच वर्षात उद्भवू शकतात.

पर्यटनावरील परिणाम

किनारे आणि सुरूची बने

किनाऱ्यावरील सुरूच्या बनांमुळे येथील पुळणींना सावली आणि विशिष्ट ओळख मिळाली आहे. ‘सुरूची बाग’ हे नावच त्या झाडांवरून आले आहे. पुळण अरुंद झाली, की लाटा बनाच्या पायथ्याशी पोहोचतात, मुळांखालची वाळू वाहून जाते आणि झाडे उन्मळून पडतात. त्यानंतर मागील वाडी, रस्ता किंवा घर लाटांसमोर उघडे पडते. राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासानुसार भारताच्या किनारपट्टीचा ३३.६ टक्के भाग धूपग्रस्त असून महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. अर्नाळा, कळंब व भुईगाव या किनाऱ्यांवर धूप आणि बेकायदा वाळूउपसा हे दीर्घकाळ चर्चेत असलेले प्रश्न आहेत.

पुळण आक्रसल्याने भरतीच्या वेळी पर्यटकांना वावरण्यासाठी कमी जागा उरते. घोडागाडी, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आणि छोटी निवासस्थाने यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या उत्पन्नावर त्याचा थेट परिणाम होतो.

किल्ले

वसईचा किल्ला खाडी समुद्राला मिळते त्या टोकाशी आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकून घेतली. तटबंदी, दर्या दरवाजा, चर्चचे अवशेष आणि मंदिरे एकाच आवारात असलेले हे स्थळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

सागरी किल्ल्यांची झीज प्रामुख्याने तीन प्रकारे होते. खारे पाणी दगड व चुन्याच्या दर्जांत मुरते आणि ते सुकताना मिठाचे स्फटिक तयार होऊन दगडाचे पापुद्रे निघतात. मुसळधार पावसाने भिंतींमधील भराव धुपतो. भिंतींत रुजलेल्या वड-पिंपळांची मुळे फटी रुंद करतात. ओले-सुके होण्याची आवर्तने आणि पावसाची तीव्रता वाढल्यास या तिन्ही प्रक्रियांना गती मिळते.

अर्नाळ्याच्या बेटावर किल्ल्याबरोबरच मच्छीमारांची वस्तीही आहे. किल्ल्यातील अष्टकोनी तलाव गोड्या पाण्यासाठी ओळखला जातो. बेटावर जाण्यास होडी हाच मार्ग असल्याने खवळलेल्या समुद्राचे दिवस वाढल्यास पर्यटकांची ये-जा थांबते. रहिवाशांना तर बाजार, शाळा व दवाखान्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. किनाऱ्याची धूप हा येथे प्रथमतः घरे वाचवण्याचा प्रश्न आहे.

धबधबे आणि पावसाळी सहली

चिंचोटी व तुंगारेश्वर येथे जून ते सप्टेंबर या काळात मोठी गर्दी होते. डोंगरमाथ्यावर पाऊस पडल्यानंतर अल्पावधीतच ओढ्यांना लोंढा येतो. पायथ्याशी पाऊस नसल्यास पर्यटकांना त्याची कल्पना येत नाही. जुलै २०१८ मध्ये चिंचोटी येथे शंभराहून अधिक पर्यटक पाण्याच्या वाढत्या प्रवाहामुळे अडकले होते व त्यांची सुटका करावी लागली. बुडून होणाऱ्या मृत्यूंमुळे प्रशासन पावसाळ्यात अशा ठिकाणी प्रवेशबंदीचे आदेश काढते. मात्र सरसकट बंदीमुळे पायथ्याच्या गावांतील रहिवाशांचा हंगामी रोजगार बुडतो आणि काही पर्यटक आडवाटांनी अधिक धोकादायक ठिकाणी पोहोचतात.

पूर आणि दळणवळण

जुलै २०१८ मधील पुराने वसई-विरार व नालासोपाऱ्याचा मोठा भाग अनेक दिवस पाण्याखाली होता. वसई रोड ते विरार दरम्यानची रेल्वेवाहतूक बंद पडली आणि मिठागरांत अडकलेल्या लोकांपर्यंत बचावपथकांना पोहोचावे लागले. येथील पर्यटन मुख्यतः लोकलवर अवलंबून असल्याने रुळांवर पाणी साचले, की आलेले पर्यटक अडकतात व येणारे येऊ शकत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई ते भाईंदर दरम्यान सुरू झालेली रो-रो सेवा हा पूरक मार्ग असला, तरी वादळी हवामानात जलवाहतुकीलाही मर्यादा येतात.

उष्मा

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार किनारी भागात कमाल तापमान ३७ अंश सेल्सियस किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. दमट हवेत घाम लवकर सुकत नसल्याने मैदानी प्रदेशापेक्षा कमी तापमानही शरीराला घातक ठरू शकते. वसईच्या किल्ल्याचे आवार विस्तीर्ण व बरेचसे उघडे आहे. जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या भाविक ऑक्टोबरच्या उष्म्यात, नवरात्रोत्सवातही चढतात. वसईच्या विजयाचा स्मृतिदिन ऐन मे महिन्यात येतो. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने झालेल्या मृत्यूंनी अशा आयोजनातील धोका स्पष्ट केला.

पाणी, वाड्या आणि खाद्यसंस्कृती

वसईच्या वाड्या विहिरी व बावखलांच्या गोड्या पाण्यावर टिकून आहेत. बावखल म्हणजे वाडीत पावसाचे पाणी साठवणारे खोदीव तळे. त्यातून पाणी जमिनीत मुरते आणि भूगर्भातील गोड्या पाण्याचा दाब खाऱ्या पाण्याला समुद्राकडे थोपवून धरतो. अतिउपशाने हा दाब घटला, की विहिरींना खारट पाणी लागते; समुद्रपातळी वाढल्यास खाऱ्या पाण्याचे आक्रमण आणखी सुलभ होते. पोहण्याचे तलाव असलेली निवासी विश्रामस्थाने या ताणात भर घालतात.

आगाशी परिसरातील सुकेळी ही राजेळी केळी उन्हात सुकवून केली जातात व निर्मळच्या यात्रेत त्यांना मोठी मागणी असते. अर्नाळा, पाचूबंदर येथील कोळीवाड्यांत बोंबील व अन्य मासळी उघड्यावर सुकवतात. दोन्ही व्यवसायांना पावसाळ्यानंतरचे कोरडे ऊन लागते. डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ चक्रीवादळ आणि डिसेंबर २०२१ च्या आरंभी उत्तर कोकणात झालेला अवकाळी पाऊस यांसारख्या घटना नेमक्या या हंगामात येतात.

कोकणातील समांतर अनुभव

‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडमधील श्रीवर्धन, दिवेआगर आणि रत्नागिरीतील दापोली परिसरात नारळ-सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणात आडव्या केल्या. तेथील घरगुती पर्यटन या बागांच्या सावलीतच वाढले होते. पडलेले छप्पर काही महिन्यांत उभे करता येते. परंतु नव्याने लावलेल्या नारळ-सुपारीला उत्पन्न देण्यास अनेक वर्षे लागतात. वाडी हेच आकर्षण असलेल्या वसईलाही हा अनुभव लागू पडतो. स्थळाची पुनर्बांधणी इमारतींपेक्षा झाडे, माती व पाणी यांच्या गतीने होते.

कारणांची गुंतागुंत

वसई-विरारमधील प्रत्येक हानीचे कारण हवामान बदल हेच आहे असे म्हणता येत नाही. सखल जागांवरील भराव, अरुंद झालेले नाले, बुजवलेली बावखले, कांदळवनांची तोड व वाळूउपसा या स्थानिक कारणांचा वाटा मोठा आहे. २०१८ च्या पुरानंतर महानगरपालिकेने निरी व आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करवून घेतला. पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारे धारण तलाव हा त्यातून पुढे आलेला एक उपाय होता. हवामान बदल जुन्या दोषांची तीव्रता वाढवतो. पूर्वी काही तासांत ओसरणारे पाणी भरतीची पातळी उंच असताना आणि निचऱ्याच्या वाटा बंद असताना कित्येक दिवस साचून राहते.

किनाराही मुळात स्थिर नसतो. प्राचीन काळचे भरभराटीचे बंदर असलेले शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, गाळ साचल्याने समुद्रापासून दूर गेले. आज मात्र किनाऱ्यालगत दाट वस्ती असल्याने किनाऱ्याला मागे-पुढे सरकण्यास जागा उरलेली नाही.

पर्यावरण रक्षणाची मागणीही येथे जुनी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने हरित पट्टा व भूजल वाचवण्यासाठी आंदोलन केले. टँकरद्वारे होणारा पाणीउपसा हा त्या काळातील संघर्षाचा एक प्रमुख विषय होता.

अनुकूलनाचे उपाय

नैसर्गिक संरक्षण

वाळूचे उंचवटे, पुळण आणि त्यांवरील वनस्पती लाटांची ऊर्जा टप्प्याटप्प्याने शोषतात. मर्यादवेल व रावणाच्या मिशा या वनस्पती वाळू धरून ठेवतात. त्यांच्यामागे केवडा, उंडी यांसारखी स्थानिक झाडे लावता येतात. सुरू हे मूळचे येथील झाड नाही. ते वारा अडवते, परंतु केवळ सुरूची एकसुरी लागवड वाळू बांधून ठेवण्यास पुरेशी ठरत नाही. मिश्र लागवड, वाळूत वाहने नेण्यास मनाई आणि ठरावीक पायवाटा हे कमी खर्चाचे उपाय आहेत.

खाडीकाठची कांदळवने गाळ धरतात, लाटांचा जोर कमी करतात आणि मासळीच्या पिलांना आश्रय देतात. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील निकालात कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली. होडीतून कांदळवन दर्शन व पक्षिनिरीक्षण यांमुळे संरक्षणाला स्थानिक उत्पन्नाची जोड मिळू शकते.

बांधीव संरक्षण

घरांना तात्काळ धोका असलेल्या ठिकाणी दगडी धूपप्रतिबंधक बंधारे बांधले जातात. अशा बंधाऱ्यामुळे मागील जमीन वाचू शकते. मात्र परतणाऱ्या लाटा समोरची वाळू ओढून नेतात आणि धूप बंधाऱ्याच्या टोकापलीकडे सरकते. म्हणून बंधारा बांधताना घरे वाचवायची की पुळण, हा निर्णय अप्रत्यक्षपणे घेतला जातो. अर्नाळा बेटासारख्या वस्तीच्या ठिकाणी बंधाऱ्याची निकड अधिक असते, तर मोकळ्या किनाऱ्यावर बांधकाम मागे ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. पुळणीलगत नवी पक्की बांधकामे झाल्यास त्यांच्या रक्षणासाठी पुन्हा बंधाऱ्यांची मागणी होते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर मर्यादा घातल्या आहेत; मात्र २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागांतील विकासनिषिद्ध पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला.

वारसास्थळांचे जतन

किल्ल्यांसाठी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर भिंतींची पाहणी, पाण्याच्या जुन्या निचरावाटा मोकळ्या करणे, मुळांचे नियंत्रित उच्चाटन आणि मूळ बांधकामाशी सुसंगत चुन्याचा वापर आवश्यक असतो. सिमेंटचे थर ओलावा आत कोंडून ठेवतात व जुन्या दगडाची झीज वाढवू शकतात. छायाचित्रे व मोजमापांची नियमित नोंद ठेवल्यास झीज कोठे वाढते आहे हे कळते.

पूर्वसूचना आणि गर्दीचे नियोजन

हवामानशास्त्र विभाग जिल्हानिहाय हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत इशारे देतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. विजेच्या पूर्वसूचनेसाठी ‘दामिनी’ हे ॲप उपलब्ध आहे. हे इशारे पर्यटकांपर्यंत पोहोचण्यासाठी रेल्वेस्थानके, रिक्षाथांबे व किनाऱ्यांवर मराठी व हिंदी फलक, भरतीचे वेळापत्रक आणि प्रशिक्षित जीवरक्षक उपयुक्त ठरतात. धबधब्यांबाबत हंगामभर बंदीऐवजी इशाऱ्याच्या रंगानुसार प्रवेश, मर्यादित संख्या आणि स्थानिक युवकांची मार्गदर्शक म्हणून नेमणूक हा पर्याय मांडला जातो. उन्हाळ्यात किल्ल्याची भेट व सार्वजनिक कार्यक्रम सकाळी लवकर किंवा सायंकाळी घेणे, सावली व पिण्याच्या पाण्याची सोय करणे हे साधे पण परिणामकारक उपाय आहेत.

पाणी आणि उत्पन्नाचे वैविध्य

बावखलांचे पुनरुज्जीवन, पर्जन्यजल संधारण आणि निवासी विश्रामस्थानांतील सांडपाण्याचा पुनर्वापर यांमुळे भूजलावरील ताण कमी होतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे शेतकरी कुटुंबांना वाडीतच पर्यटकांची सोय करण्याचा मार्ग उपलब्ध आहे. किनारा, वाडी, चर्चे, स्तूप आणि कोळीवाडे अशा अनेक ठिकाणी पर्यटन विभागले गेल्यास एखाद्या वादळाने वा पुराने संपूर्ण हंगाम बुडत नाही. सुकेळी व मासळीसाठी सौर वाळवणी यंत्रे हा अवकाळी पावसावरील एक उपाय आहे.

मर्यादा

अनुकूलनाला नैसर्गिक मर्यादा आहेत. आयपीसीसीच्या अंदाजानुसार १९९५ ते २०१४ या काळाच्या तुलनेत २१०० पर्यंत जागतिक समुद्रपातळी अत्यल्प उत्सर्जनाच्या स्थितीत ०.२८ ते ०.५५ मीटर, तर अत्युच्च उत्सर्जनाच्या स्थितीत ०.६३ ते १.०१ मीटर वाढू शकते. म्हणून अनुकूलनाबरोबर हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात घट आवश्यक ठरते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जागतिक उत्सर्जनातील पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के असल्याचे आढळले. पर्यटनक्षेत्रातील उत्सर्जन घटवण्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ग्लासगो जाहीरनामा’ मांडला गेला. लोकलने होणारे जवळचे पर्यटन या दृष्टीने विमानप्रवासावर आधारित पर्यटनापेक्षा कमी प्रदूषणकारी आहे.

सामाजिक मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पर्यटक धोक्याच्या वेळी दुसरे ठिकाण निवडू शकतो. कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती व आदिवासी रहिवाशांना ती सवलत नसते. पुळण सुशोभीकरणासाठी होड्या व जाळी हटवणे किंवा किनारा काही विश्रामस्थानांपुरता राखीव होणे यांसारख्या उपायांनी त्यांच्या उपजीविकेवर संकट येऊ शकते. त्यामुळे बंधारा कोठे बांधावा, कोणता किनारा मोकळा ठेवावा आणि पर्यटन-उत्पन्नाचा कोणता भाग देखभालीसाठी राखावा, या निर्णयांत ग्रामसभा, मच्छीमार सहकारी संस्था व वाडीधारकांचा सहभाग अनुकूलनाचा आवश्यक भाग मानला जातो.

हेही पाहा

- वसईचा किल्ला
- अर्नाळ्याचा किल्ला
- तुंगारेश्वर अभयारण्य
- नालासोपारा
- कांदळवन
- निसर्ग चक्रीवादळ
- हवामान बदल